वाड्यातला आड आणि गावची विहीर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी, दिवेलागणीच्या सुमारास आमची एक माजी विद्यार्थिनी घरी आली. सोयाबीनच्या पानांवर पडणारा पिवळा मोझॅक रोग नुसत्या छायाचित्रावरून ओळखावयास संगणकाला शिकवावे, असे संशोधन ती गेली दोन वर्षे करीत आहे. माळव्यात राहणाऱ्या वाचकांना या रोगाचे आणि या पिकाचे महत्त्व आम्ही सांगावयास नको. पोर नेहमी हसतमुख. त्या दिवशी मात्र चेहरा पार उतरलेला.

“सर, दोन वर्षांचं काम अडकलं,” ती म्हणाली.

झाले होते ते असे. तिच्या संस्थेतील खरेदी समितीने संगणकात बसवावयाचे एक नवे ग्राफिक्स कार्ड आणले. जुन्यापेक्षा स्मृती अधिक, किंमत कमी. समितीला आनंद झाला. परंतु कार्ड दुसऱ्याच एका कंपनीचे. आणि कामाला वेग यावा म्हणून आपल्या प्रोग्रामचा जो गाभा या मुलीने स्वहस्ते लिहिला होता, तो जुन्या कार्डाच्या कंपनीने दिलेल्या साधनाने लिहिलेला. नव्या कार्डावर तो एक पाऊलही पुढे टाकीना.

“म्हणजे शेगडी एका कंपनीची आणि सिलिंडर दुसऱ्या कंपनीचे, असे का ग?” आम्ही आमच्या बुद्धीप्रमाणे विचारले.

“तसं असतं तर बरं होतं, सर. शेगडी बदलली म्हणून सगळा स्वयंपाकच नव्यानं शिकायचा, असं झालंय!”

आम्ही मराठीचे एम. ए.; यंत्रविद्येशी आमचा संबंध शाळेतील घंटेपुरता. परंतु हे उत्तर आम्हांस स्वस्थ बसू देईना. पुढे दोन महिने दर रविवारी ती येत राहिली, आम्ही प्रश्न विचारीत राहिलो, आणि तिने सांगितलेल्या गोष्टी मिळतील त्या ग्रंथांतून पडताळून पाहत गेलो. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. घरोघरची मुले आज याच क्षेत्रात शिरत आहेत, तेव्हा त्यांच्या आईवडिलांनाही हे ठाऊक असलेले बरे.

प्रथम हे कार्ड म्हणजे काय ते पाहू. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा एखाद्या घनपाठी शास्त्रीबोवांसारखा असतो. कितीही गुंतागुंतीचा प्रश्न द्या, तो एकेक पायरी चढत उत्तरापर्यंत जाईल. ग्राफिक्स प्रोसेसरचे तसे नाही. तो म्हणजे आमच्या शाळेच्या मैदानावरील कवायत. मुले शेकड्यांनी उभी, प्रत्येकाला येते ते थोडेच, पण एका हुकमासरशी सारी रांग एकदम हात वर करते. पडद्यावरील चित्र लक्षावधी ठिपक्यांचे. प्रत्येक ठिपक्याचा रंग स्वतंत्रपणे काढावयाचा, आणि आकडेमोडीची रीत मात्र सर्वांना एकच. अशा कामाला एक शास्त्रीबोवा काय करणार? तेथे कवायतच हवी. एन्व्हिडिया या अमेरिकन कंपनीच्या कार्डात ही रांग बत्तीसांची असते. बत्तीस जणांना एकच हुकूम. त्यांतील निम्म्यांना उजवीकडे आणि निम्म्यांना डावीकडे वळावयास सांगितले, तर आधी निम्मे वळतात, तोवर उरलेले ताटकळतात. ज्याने कवायत घेतली आहे त्याला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. ही बत्तीसांची रांग वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याशी काम आहे.

चित्रे काढण्यासाठी उभी केलेली ही फौज गणितासाठी वापरता आली तर? या शतकाच्या आरंभी काही संशोधकांना ही कल्पना सुचली. पण कार्डाला भाषा कळे ती चित्रांची. म्हणून ही मंडळी आपले गणित चित्राच्या वेषात घालून आत पाठवीत, आणि बाहेर आलेल्या चित्रातून पुन्हा आकडे वेचून काढीत. द्राविडी प्राणायामच तो! स्टॅनफर्ड विद्यापीठात इयान बक या विद्यार्थ्याने २००४ च्या सुमारास सहकाऱ्यांसह ‘ब्रुक’ नावाची एक भाषा सिद्ध करून हा वेषांतराचा खटाटोप वाचविला. एन्व्हिडियाने या गृहस्थाला आपल्याकडे घेतले, आणि नोव्हेंबर २००६ मध्ये नवे साधन जाहीर केले. त्याचे नाव कूडा.

नावाविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. आमच्या शेजारच्या हिंदीभाषक गृहिणी रोज सकाळी जो दाराबाहेर ठेवतात, त्याचे हेच नाव. मराठीत कुडा म्हणजे औषधी झाड. त्याची कडू साल पोटाच्या विकारावर आमच्या आजीने आम्हांस बळेच पाजलेली आहे. आणि पोलिश भाषेत याच अक्षरांचा अर्थ होतो चमत्कार! तिन्ही अर्थ या साधनाला कोठे ना कोठे लागू पडतात, असे आमचे मत होत चालले आहे.

चमत्कार तर खराच. सी ही भाषा येणाऱ्या कोणालाही आता कार्डावरच्या फौजेला थेट हुकूम देता येऊ लागले. शिवाय एन्व्हिडियाने एक दूरदृष्टीची गोष्ट केली. ही सोय केवळ मोठ्या प्रयोगशाळांच्या महागड्या यंत्रांपुरती न ठेवता, मुले खेळ खेळण्यासाठी जी साधी कार्डे विकत घेत, त्यांतही ती घातली. साधन फुकट, पुस्तिका फुकट. इलिनॉय विद्यापीठात २००७ साली या विषयाचा वर्ग सुरू झाला. तेथील प्राध्यापक वेन-मेई ह्वू आणि एन्व्हिडियाचे शास्त्रज्ञ डेव्हिड कर्क यांनी मिळून लिहिलेले पाठ्यपुस्तक २०१० साली निघाले. पाठ्यपुस्तक! आम्ही शिक्षक, म्हणून असेल कदाचित; पण सबंध हकिकतीत आम्हांस हीच गोष्ट सर्वांत निर्णायक वाटते. ज्याचे पुस्तक वर्गात, त्याची विद्या पुढल्या पिढीत.

आमच्या लहानपणी एका वाड्यात आड होता. वाड्याचे मालक उदार. दिंडी सदैव उघडी, रहाट त्यांचा, दोर त्यांचा, पोहरा त्यांचा, कोणीही यावे. पाणीही गोड. साऱ्या आळीने हळूहळू आपापले घर त्या आडाच्या रोखाने मांडले. कूडाचे असेच. फरक एवढाच, की येथे पोहरा फुकट आणि पाणी विकत! साधन कोणीही घ्यावे, पण ते चालावयाचे एन्व्हिडियाच्याच कार्डावर, आणि ते कार्ड पैसे मोजूनच घ्यावयाचे.

ही रीत कूडानेच प्रथम पाडली असे नव्हे. सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीची चित्रे रेखाटण्याची एक खाजगी पद्धती होती. ती आपल्यापुरती ठेवली तर इतर सारे मिळून दुसरी उभारतील, या धास्तीने कंपनीने ती १९९२ साली ‘ओपनजीएल’ या नावाने सर्वांना खुली केली आणि तिचा कारभार अनेक कंपन्यांच्या मंडळाकडे दिला. याउलट थ्रीडीएफएक्स या कंपनीने १९९६ च्या सुमारास आपल्या गाजलेल्या वूडू कार्डासाठी ‘ग्लाइड’ ही स्वतःपुरती पद्धती ठेवली. कार्ड अव्वल, म्हणून खेळ लिहिणारे केवळ ग्लाइडवर विसंबून लिहू लागले. पण २००० च्या अखेरीस कंपनीच बुडाली, आणि तिची मालमत्ता विकत घेतली ती एन्व्हिडियाने. मागे राहिलेले ग्लाइडचे खेळ पोरके झाले. पुढे हौशी मंडळींनी दुभाषी प्रोग्राम लिहून त्यांना नव्या कार्डांवर कसेबसे चालते केले.

मग गणितासाठीही एक खुली, सर्वांच्या मालकीची पद्धती का असू नये? हा प्रश्न पडला तो अ‍ॅपल कंपनीला. तिने २००८ च्या जूनमध्ये आपला मसुदा ख्रोनोस या संस्थेपुढे ठेवला. अनेक कंपन्यांनी मिळून असे खुले संकेत ठरवावे, यासाठीच २००० साली ही संस्था स्थापन झालेली. सहा महिन्यांच्या आत, डिसेंबर २००८ मध्ये, ‘ओपनसीएल’ची पहिली संहिता प्रसिद्ध झाली. एएमडी, इंटेल, आयबीएम हे सारे पंगतीला होतेच. एवढेच नव्हे, तर एन्व्हिडियाही होती. ख्रोनोसचे दीर्घकाळचे अध्यक्ष नील ट्रेव्हेट हे तर एन्व्हिडियाचेच अधिकारी, आणि ओपनसीएलच्या समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच! गावची विहीर खोदावयाची ठरली, आणि पंचांच्या बैठकीत वाड्याचे मालकही मांडी घालून बसले. यात काही कपट होते असे आम्ही म्हणत नाही. शहाणा मालक दोन्हीकडे पाय ठेवतो, इतकेच.

विहीर खोदली गेली, पाणीही लागले. पण गाळ कोणी काढावयाचा? बारभाईच्या कारभाराचे वर्णन होळकर-शिंद्यांच्या मुलखातील वाचकांपुढे आम्ही काय करावे! प्रत्येक कंपनीने संहितेचा अर्थ आपापल्या कुवतीने लावला. एका कार्डावर धडपणे चाललेला प्रोग्राम दुसऱ्यावर अडखळे. कूडात चार ओळींत होणाऱ्या कामाला येथे पूर्वतयारीचेच पन्नास सोपस्कार. आणि खरी उणीव होती ती तयार ग्रंथालयांची. मोठमोठ्या सारण्यांचे गुणाकार, लहरींचे पृथक्करण असली नित्याची कामे एन्व्हिडियाच्या अभियंत्यांनी आधीच करून, घासूनपुसून ठेवली होती. खुल्या बाजूला ज्याने त्याने आपले दळण आपणच दळावे.

पुढली हकिकत तर अधिकच खेदकारक आहे. २०१३ साली ओपनसीएलची दुसरी मोठी आवृत्ती आली. एन्व्हिडिया मात्र जुन्याच आवृत्तीवर थांबून राहिली. जिच्या घरून ही विहीर निघाली त्या अ‍ॅपलने २०१४ साली ‘मेटल’ हा स्वतःचा आड खोदला, आणि २०१८ साली ओपनसीएलला आपल्या घरात यापुढे थारा नाही असे जाहीर करून टाकले. अखेर २०२० साली निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीत दुसऱ्या आवृत्तीतील बहुतेक गोष्टी ऐच्छिक ठरविण्यात आल्या. म्हणजे वर्ग वरचा, पण अभ्यासक्रम पुन्हा खालच्या इयत्तेचा! खुल्या पद्धतीचा आम्हांस स्वाभाविक ओढा आहे, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच. तरी हे अपयश वाड्याच्या मालकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. गावाने आपली विहीर राखली नाही, हे सत्य आहे.

दरम्यान २०१२ साली एक घटना घडली. टोरांटो विद्यापीठात जेफ्री हिंटन यांच्या हाताखालील अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की या विद्यार्थ्याने, इल्या सुत्स्केव्हर या सहाध्यायासह, छायाचित्रांतील वस्तू ओळखणारे कृत्रिम मज्जातंतूंचे जाळे तयार केले. ते शिकविले कशावर? खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या एन्व्हिडियाच्या दोन साध्या कार्डांवर, कूडात लिहिलेल्या प्रोग्रामने, पाचसहा दिवसांत! त्या वर्षीच्या स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकाच्या प्रवेशिकेच्या चुका शेकडा २६ हून अधिक, तर यांच्या १५.३. येथून आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट उसळली. आणि लाट उसळली तेव्हा घाटावर नाव एकच होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये एन्व्हिडियाचे बाजारमूल्य पाच लाख कोटी डॉलरांवर पोहोचले. जगात या आकड्याला स्पर्श करणारी ती पहिली कंपनी ठरली.

आमच्या विद्यार्थिनीला आम्ही विचारले, “मग तू आधीच त्या खुल्या विहिरीवर का नाही गेलीस?”

“सर, मला पहिल्या दिवशी ज्यांनी शिकवलं त्यांना कूडाच येत होतं. ज्या उदाहरणावरून मी लिहायला घेतलं तेही कूडातच. मी निवड केलीच नव्हती.”

हे ऐकून आम्ही गप्प झालो. आम्हीही एकदा अशीच निवड न करता निवड केली होती. तीस वर्षांपूर्वी येथील मराठी मंडळींनी एक स्मरणिका काढली. वृद्ध माणसांच्या घरी जाऊन, त्यांच्या तोंडून घराण्यांच्या हकिकती लिहून घेतल्या होत्या. त्यांत आमच्या वडिलांचीही एक होती. सारा मजकूर संगणकावर एका खाजगी अक्षरसंचात टंकित झाला. पुढे अक्षरसंच बदलले, ते विकणारे दुकान बंद झाले. छापील प्रती संपल्या, तेव्हा आम्ही तबकडी बाहेर काढली. तबकडी शाबूत होती; पण पडद्यावर उमटली ती कंस, टक्के आणि उद्गारचिन्हे यांची रांगोळी. वडिलांचे शब्द त्या रांगोळीत कोठेतरी होते, आणि आम्हांस वाचता येत नव्हते. अखेर एका वाचकाकडे राहिलेल्या वाळवीखाल्ल्या प्रतीवरून सारे पुन्हा टंकित केले, या खेपेस युनिकोडमध्ये. वाळवीने खाल्लेली चार पाने गेली ती गेलीच. वस्तुतः भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हा खुला संकेत १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झाला होता, आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीवरूनच घेतलेली. विहीर होती, आम्हीच वाड्यात गेलो, कारण वाडा जवळ होता.

असो. खुल्या पद्धती नेहमी हरतातच असे कोणी समजू नये. अनेक संगणक जोडून एकच गणित सोडवावयाचे, तर त्यांनी परस्परांना निरोप कसे धाडावेत, याच्या एके काळी प्रत्येक यंत्राबरोबर निराळ्या तऱ्हा होत्या. प्रयोगशाळा, विद्यापीठे आणि कारखानदार एकत्र बसले आणि १९९४ साली ‘एमपीआय’ हा एकच संकेत ठरला. तो आजतागायत टिकून आहे. येथे गरज प्रयोगशाळांची होती, आणि पैसाही त्यांचाच होता. आमच्या मते भेद पडला तो यामुळे.

त्याच प्रयोगशाळांनी पुढे आणखी एक धडा गिरविला. अमेरिकेतील ओक रिज येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत २०१२ सालचे ‘टायटन’ आणि २०१८ सालचे ‘समिट’ ही दोन्ही महासंगणक यंत्रे एन्व्हिडियाच्या कार्डांवर चालणारी. त्यानंतर २०२२ मध्ये आलेल्या ‘फ्राँटियर’मध्ये मात्र सदतीस हजारांहून अधिक कार्डे आहेत, ती एएमडीची. आरगॉन येथील ‘ऑरोरा’ इंटेलच्या कार्डांवर, लिव्हरमोर येथील ‘एल कॅपिटन’ पुन्हा एएमडीवर. दहा वर्षे कूडात लिहिणाऱ्या शास्त्रज्ञांवर सारे नव्याने मांडण्याची पाळी आली. कोणी सँडिया प्रयोगशाळेच्या ‘कोकोस’ या मधल्या पडद्याआडून लिहू लागले, कोणी ख्रोनोसच्या ‘सिकल’ या नव्या खुल्या पद्धतीकडे वळले. विकत घेणारा मोठा असला की विहिरीवर पुन्हा माणसे जमतात.

आपल्या पुण्याचा सी-डॅकही या वाटेने गेलेला आहे. अमेरिकेने महासंगणक देण्याचे नाकारल्यावर १९८८ साली ही संस्था निघाली, आणि १९९१ साली तिने ‘परम ८०००’ उभा केला, तो इन्मॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्यूटर नावाच्या चिपांवर. त्या चिपांचा वंश काही वर्षांतच खुंटला. पुढला ‘परम ९०००’ निराळ्याच प्रोसेसरांवर बांधावा लागला. सी-डॅकने २०२० साली पुण्यातच उभारलेल्या ‘परम सिद्धी’मध्ये मात्र एन्व्हिडियाचीच कार्डे आहेत.

आता प्रश्न उरतो तो वाड्यातील संसार बाहेर कसा हलवावा याचा. एएमडीने २०१५ साली ‘हिप’ नावाची पद्धती जाहीर केली. तिच्यातील युक्ती मोठी मौजेची आहे. कूडातील हुकमांची नावे जशीच्या तशी घ्यावयाची, फक्त आरंभीचे ‘कूडा’ काढून तेथे ‘हिप’ घालावयाचे! प्रोग्रामचे भाषांतर करणारे साधनही कंपनीच देते. याहून धाडसी वाट एका पोलिश प्रोग्रामरने काढली. कूडासाठी तयार झालेला प्रोग्राम तसाच्या तसा दुसऱ्या कार्डावर चालावा, असा दुभाषी त्याने लिहिला आणि त्याचे नाव ठेवले झलूडा; पोलिशमध्ये त्याचा अर्थ भ्रम. चमत्काराला उतारा भ्रमाचा! एएमडीच्या पैशाने वाढलेले हे काम २०२४ च्या फेब्रुवारीत सर्वांसाठी खुले झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एएमडीच्याच सांगण्यावरून मागे घ्यावे लागले. लेखकाने मग जुन्या पायावरून पुन्हा बांधकाम सुरू केले.

मागे घेण्याचे कारण काहीही असो, कायद्याची टांगती तलवार या वाटेवर आहेच. कूडातून निघालेला प्रोग्राम उलगडून तो इतरांच्या यंत्रांसाठी भाषांतरित करू नये, असे कलम एन्व्हिडियाने आपल्या करारपत्रात घातल्याचे २०२४ साली बरेच गाजले. दुसऱ्या बाजूने पाहू गेल्यास, जावा या भाषेतील हुकमांची नावे व मांडणी गूगलने उचलली म्हणून ओरॅकलने लावलेल्या दाव्यात, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२१ रोजी सहा विरुद्ध दोन मतांनी गूगलच्या बाजूने निकाल दिला. सुमारे साडेअकरा हजार ओळींचा तो वाद. तेवढा वापर न्याय्य ठरला. पण तो निवाडा त्या दाव्यापुरता. वकिलांना अद्याप पुष्कळ काम आहे.

आमच्या विद्यार्थिनीने हिपची वाट धरली. भाषांतराच्या साधनाने एका दुपारीच बहुतेक ओळी बदलून दिल्या. प्रोग्राम नव्या कार्डावर चालला. तिने आम्हांस दूरध्वनीवरून पेढे कबूल केले. दुसऱ्या दिवशी कळले, की चालला खरा, पण उत्तरे चुकतात. निरोगी पानाला रोगी ठरवितो आणि रोगी पानाला निरोगी. पाच आठवडे ती त्या चुकीच्या मागे होती. आम्ही विचारीत असू, आणि ती नुसती मान हलवीत असे.

परवाच्या रविवारी ती आली ती हसतच. वही उघडून तिने आम्हांस एक ओळ दाखविली. तिच्या प्रोग्रामच्या अगदी गाभ्यात, दोन वर्षांपूर्वी कोणाच्या तरी उदाहरणावरून उतरवून घेतलेला एक आकडा होता: ३२.

“सर, या नव्या कार्डाची रांग चौसष्टांची आहे. मी प्रत्येक वेळी बत्तीसच मुलांची बेरीज धरत होते. निम्मी रांग मोजलीच जात नव्हती.”

“मग आता चौसष्ट घालणार?”

“नाही, सर. आता आकडा घालणारच नाही. रांग केवढी आहे, ते आधी कार्डालाच विचारणार.”

असे म्हणून तिने पेढ्यांचा पुडा पुढे केला.